कूस बदलणारा रेणू

उसाच्या फडात हात घातला की पातं कापणारच. वाळव्यापासून कराडपर्यंत कुणाही शेतकऱ्याच्या हातावर त्याच्या खुणा दिसतील. बोटावर रक्ताची बारीक रेघ उमटते, तो बोट दाबून धरतो, आणि चार-पाच मिनिटांत रक्त थांबतं. औषध नाही, पट्टी नाही. कोयता पुन्हा चालू होतो. हे इतक्या वेळा घडतं की त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. पण नवल आहे आणि ते फार मोठं आहे. त्या चार-पाच मिनिटांत चिरेच्या तोंडाशी लाखो प्लेटलेट जमतात, चिकटतात, आकार बदलतात आणि त्यांच्या आवरणातला एक स्निग्ध रेणू चक्क कूस बदलतो. आतल्या अंगाला असलेला तो बाहेरच्या अंगाला येतो. तो आला नाही, तर गुठळी नीट होत नाही.

या रेणूचा ठावठिकाणा शोधायला, त्याची मोजदाद करायला शास्त्रज्ञांना ज्यांची मदत झाली, ते दोन प्राणी सातारा-सांगलीच्या बांधाबांधावर राहतात. एक नाग आणि दुसरी घोणस.

न केंद्रक, न विश्रांती

डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द घराघरांत नेला. 'आज किती आल्या?' हा प्रश्न दवाखान्याच्या जिन्यावर रोज ऐकू येतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये पंचवीसेक कोटी सहज. एकेकीचा व्यास मिलिमीटरचा दोन ते चार सहस्रांश. १८८२ साली ज्युलिओ बिझोझेरो या इटालियन संशोधकाने त्यांचं स्वतंत्र अस्तित्व आणि गुठळीतलं काम नीट दाखवून दिलं. त्याआधी अनेकांना त्या सूक्ष्मदर्शकात दिसत होत्या, पण बहुतेकांनी त्यांना रक्तातला कचरा समजून सोडून दिलं होतं.

प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे सुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. या तुकड्यांत केंद्रक नसतं. म्हणून एखादं प्रथिन निकामी झालं तर त्याच्या जागी नवं घडवण्याची सोय त्यांच्याकडे जवळपास नसते. सात ते दहा दिवस फिरायचं आणि संपायचं. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर रोज सुमारे १०,००० कोटी नव्या प्लेटलेट रक्तात सोडतं. आज, आत्ता, हे वाचत असतानाही.

प्लेटलेटच्या भोवतीचं आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं असतं. प्रत्येक रेणूला फॉस्फरस असलेलं एक डोकं आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना नाही. त्यामुळे रेणू आपोआप दोन थरांत मांडले जातात. चांगल्या फुगलेल्या भाकरीला जसे दोन पापुद्रे सुटतात, तसे. दोन्ही पापुद्र्यांची डोकी पाण्याकडे, शेपट्या मधल्या जागेत एकमेकींकडे. बाहेरचा पापुद्रा रक्ताला लागलेला, आतला पेशीच्या अंतरंगाला. पण भाकरीचे दोन्ही पापुद्रे एकाच पिठाचे असतात, प्लेटलेटचे तसे नाहीत, आणि सगळी गंमत या फरकात आहे.

निळ्या रंगाची मोजणी

डोळ्यांना न दिसणाऱ्या तुकड्याच्या आवरणातला मेद मोजायचा कसा? सुरुवात रक्त काढण्यापासूनच जपून करावी लागते. रक्त देणाऱ्याने आधी आठ-दहा दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. दंडाला पट्टा फार वेळ आवळायचा नाही, रक्त फेसाळू द्यायचं नाही. प्लेटलेट इतक्या तल्लख असतात की जरा धक्का बसला तरी कामाला लागतात, आणि मग मोजायला घेतलेली स्थिती आपणच बदलून टाकलेली असते. नळीत सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. नमुना फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोहही टाळायचा, कारण थंडीनेही प्लेटलेट चाळवतात. रक्तपेढीत त्यांच्या पिशव्या २० ते २४ अंश सेल्सिअसला ठेवतात, त्याचं कारणही हेच.

मग नळी यंत्रात हळू फिरवायची. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, किंचित धुरकट द्रव राहतो. तो नळी हलवून उजेडात धरला की आत झुळझुळणारे रेशमी पट्टे दिसतात. त्या प्लेटलेट. चपट्या चकत्यांवरून उजेड परतताना असे पट्टे उमटतात. त्या जागृत होऊन गोलसर झाल्या की ती झुळझुळ नाहीशी होते. अनुभवी तंत्रज्ञ नुसत्या नजरेने सांगतो, नमुना चांगला की वाया गेला.

हा द्रव पुन्हा जोरात फिरवला की तळाशी प्लेटलेटचा पांढरट गोळा बसतो. तो धुऊन क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात ढवळला की सगळी स्निग्ध द्रव्यं क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. या कामाची जगभर वापरली जाणारी एक पद्धत ब्लाय आणि डायर या दोघांनी १९५९ साली कॅनडात, माशांच्या मांसातला मेद काढण्यासाठी शोधली होती. अर्काचा थेंब सिलिकाचा थर दिलेल्या काचेवर ठेवून काचेची कड द्रावणात उभी केली की द्रावण वर चढतं आणि प्रत्येक जातीचा फॉस्फोलिपिड आपापल्या उंचीवर थांबतो. आयोडीनची वाफ दिली की तपकिरी-पिवळे ठिपके उमटतात. पाच मुख्य ठिपके: फॉस्फॅटिडिलकोलीन, फॉस्फॅटिडिलइथेनोलअमीन, स्फिंगोमायलीन, फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल. कोलीनवाला सर्वांत मुबलक. सेरीनवाला जेमतेम दहा टक्के, पण या गोष्टीचा नायक तोच.

आता एकेक ठिपका खरवडायचा, तीव्र आम्लात तापवून जाळायचा आणि उरलेल्या फॉस्फेटमध्ये मॉलिब्डेट घालायचं. पुढच्या टप्प्यात निळा रंग चढतो. जितका फॉस्फरस जास्त, तितका निळा गडद. या पाचही जातींच्या प्रत्येक रेणूत फॉस्फरसचा नेमका एकच अणू असतो, म्हणून निळ्या रंगाची खोली मोजली की रेणूच मोजले जातात. ही निळी मोजणी १९२५ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत सिद्ध केली ती येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. आंध्रातल्या भीमावरमचा हा मुलगा. फिस्क-सुब्बाराव पद्धत जैवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते. आता मास स्पेक्ट्रोमीटर आले, आणि एका प्लेटलेटच्या मेदात पाच नव्हे तर हजारो वेगवेगळे रेणू असल्याचं त्यांनी दाखवलं. पण पाया त्या निळ्या रंगाचा.

नागाने दाखवलेली आतली बाजू

निळा रंग किती ते सांगतो. कुठे, ते सांगत नाही. अर्क काढला की दोन्ही पापुद्रे एकत्र विरघळतात. कुठला रेणू बाहेर होता आणि कुठला आत, हे कसं कळणार?

इथे नाग येतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जिवंत नागाची पूजा हे तिथलं वैशिष्ट्य होतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. त्या नागाच्या विषात फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं विकर असतं. फॉस्फोलिपिडच्या दोन शेपट्यांपैकी एक ते छाटून टाकतं. शुद्ध करून काढलेलं हे विकर अखंड प्लेटलेटवर सोडलं, तर ते आत शिरू शकत नाही. बाहेरच्या पापुद्र्यातले हाताशी आलेले रेणूच ते छाटतं. मग अर्क काढायचा आणि पाहायचं: शेपूट गेलेले ते बाहेरचे, शाबूत राहिले ते आतले.

१९७७ साली युग शाप, रॉबर्ट झ्वाल आणि लॉरेन्स व्हान डीनेन या संशोधकांनी शुद्ध विकरांची हीच युक्ती माणसाच्या प्लेटलेटवर वापरली. स्फिंगोमायलीन बहुतेक सगळं बाहेरच्या अंगाला सापडलं. फॉस्फॅटिडिलसेरीन मात्र जवळजवळ संपूर्णपणे आत दडलेलं होतं. हे दडणं आपोआप होत नाही. चुकून बाहेर गेलेला सेरीनवाला रेणू पकडून पुन्हा आत ओढणारी प्रथिनं आवरणात बसलेली असतात आणि त्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. इतका आटापिटा कशासाठी? कारण हा रेणू विनाकारण बाहेर आला, तर वाहत्या रक्तात गुठळ्या धरतील.

जखम झाली की मात्र तो बाहेर यायलाच हवा. प्लेटलेट तुटलेल्या रक्तवाहिनीतल्या कोलॅजनला चिकटते, गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिन या विकराचा स्पर्श होतो, आत कॅल्शियमची लाट उठते. आत ओढणारी यंत्रणा थांबते आणि दुसरंच एक दार उघडतं, ज्यातून दोन्ही पापुद्र्यांतले रेणू मनसोक्त इकडे-तिकडे होतात. एडुआर्ड बेव्हर्स, झ्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही उलथापालथ मोजून दाखवली. पण ते दार म्हणजे नेमकं कुठलं प्रथिन, हे कळायला २०१० साल उजाडलं. जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने ते शोधलं: टीएमईएम१६एफ. काही मोजक्या माणसांत ते जन्मतःच नसतं. अशा रुग्णांच्या प्लेटलेटची संख्या अगदी व्यवस्थित, त्या चिकटतातही, पण दात काढला किंवा बाळंतपण झालं की रक्त थांबता थांबत नाही. या विकाराला स्कॉट सिंड्रोम म्हणतात. प्लेटलेट किती, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. त्या कूस बदलू शकतात का, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.

घोणस आणि स्टॉपवॉच

बाहेर आलेला सेरीनवाला रेणू करतो काय? त्याच्या डोक्यावर ऋण विद्युतभार असतो. रक्तातले गोठण घटक, म्हणजे क्रमांकाने ओळखली जाणारी गोठवणारी प्रथिनं, कॅल्शियमच्या आधाराने त्याला येऊन धरतात. दहावा घटक जागृत झाला, पाचव्याच्या जोडीने या मेदाच्या पृष्ठभागावर बसला, की तो प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करू लागतो. मोकळ्या द्रवात एकट्या दहाव्या घटकाचा जो वेग, त्याच्या सुमारे तीन लाख पट वेगाने. दिवसांचं काम सेकंदांत. थ्रॉम्बिन मग फायब्रिनचे धागे विणतं आणि बोटावरचं रक्त थांबतं.

दहाव्या घटकापर्यंत थेट पोचणारं एक विष निसर्गात आहे. ते घोणशीचं. उसाच्या पाचटात, गवताच्या गंजीजवळ, बांधावर दिसणारी ही जाडजूड सापीण, पाठीवर गडद ठिपक्यांच्या तीन साखळ्या आणि दुरून ऐकू येणारा फुत्कार. पॅट्रिक रसेल या वैद्याने १७९६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात भारतातल्या सापांची वर्णनं दिली आणि पुढे घोणशीला इंग्रजीत त्याचंच नाव मिळालं. १९३४ साली लंडनमध्ये ग्विन मॅकफार्लेन आणि बर्जेस बार्नेट यांनी दाखवलं की घोणशीचं विष खूप पातळ करून लावलं, तर हिमोफिलियाच्या रुग्णाचं न गोठणारं रक्तही गोठतं. त्यातून स्टिपव्हेन नावाचं औषध बाजारात आलं. याच मॅकफार्लेन यांनी १९६४ साली रक्त गोठण्याची पायरीपायरीने वाढत जाणारी साखळी मांडली, जी आज वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

या विषातलं एक विकर दहाव्या घटकाला एका फटक्यात जागृत करतं. आधीच्या बऱ्याच पायऱ्या गाळल्या जातात. मग गुठळी किती सेकंदांत होते, हे त्या नळीत उघडा फॉस्फोलिपिड किती आहे यावर फार अवलंबून राहतं. थोडा असेल तर उशीर, भरपूर असेल तर चटकन. म्हणजे पातळ केलेलं विष, कॅल्शियम आणि एक स्टॉपवॉच एवढ्यावर प्लेटलेटने बाहेर काढलेल्या मेदाचा अंदाज घेता येतो. प्लेटलेटची गोठण्यातली ही करामत जुन्या प्रयोगशाळांनी अशी सेकंदांत मोजली.

आज हेच विष आणखी एका कामाला येतं. काही जणांच्या शरीरात फॉस्फोलिपिडला चिकटलेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशा स्त्रियांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात, ऐन तरुण वयात कुणाला पक्षाघात होतो. त्यांची तपासणी करताना घोणशीच्या विषाने रक्तद्रव गोठवून वेळ मोजतात. वेळ लांबली, तर जादा फॉस्फोलिपिड घालून पुन्हा मोजतात. आता वेळ भरून आली, तर प्रतिपिंडं असल्याची शंका बळावते. या तपासणीसाठी रक्तद्रव दोनदा फिरवून प्लेटलेट अगदी नगण्य, मायक्रोलिटरमागे दहा हजारांहून कमी, करून घेतात. कारण त्या मागे राहिल्या, तर त्यांच्या आवरणातला मेदच प्रतिपिंडांना गुंतवून ठेवतो आणि आजार असूनही अहवाल साफ येतो. एवढा प्रभावी हा मेद.

सेकंदांचा चयापचय

आतापर्यंत रेणू किती आणि कुठे हे पाहिलं. पण ते स्वस्थ बसलेले नसतात. ते घडतात, तुटतात, पुन्हा जुळतात. ही उलाढाल पाहण्यासाठी प्लेटलेटना किरणोत्सारी फॉस्फरस देतात. त्याचं अर्धायुष्य चौदा दिवसांचं, म्हणजे प्रयोगापुरतं ऐसपैस. प्लेटलेट तो उचलून आपल्या मेदात गुंफतात. मग थ्रॉम्बिन टाकायचं आणि ओळीने मांडलेल्या नळ्यांत पाचव्या, दहाव्या, पंधराव्या सेकंदाला आम्लयुक्त द्रावण ओतून सगळं जागच्या जागी थांबवायचं. हात क्षणभर रेंगाळला तरी आकडा बिघडतो. या नळ्यांनी सांगितलेली गोष्ट थक्क करते. इनॉसिटॉलवाले फॉस्फोलिपिड काही सेकंदांतच फुटू लागतात. १९७९ साली सुझन रिटनहाउस-सिमन्स यांनी प्लेटलेटमध्ये या फुटीतून निघणारं डायग्लिसराइड मोजून दाखवलं. त्याच फुटीतून निघणारा दुसरा एक तुकडा आतलं कॅल्शियम मोकळं करतो. तीच ती लाट, जिच्यामुळे सेरीनवाला रेणू कूस बदलतो. आवरण नुसतं आवरण नसतं. निरोप त्याच्यातच लिहून ठेवलेला असतो आणि वेळ आली की ते स्वतःला फोडून तो पोचवतं.

याच फॉस्फोलिपिडच्या शेपटीतून ॲराकिडॉनिक आम्ल सुटतं. करडईच्या तेलात भरपूर असणाऱ्या लिनोलिक आम्लापासून आपलं शरीर ते घडवू शकतं. प्लेटलेट त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन ए-२ बनवते आणि शेजारच्या प्लेटलेटना हाक देते. १९७५ साली स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. पाण्यात त्याचं अर्धायुष्य अवघं तीस सेकंद. इतकं क्षणभंगुर द्रव्य पकडायचं, म्हणजे ते विरून जे उरतं त्याची मोजणी करायची. जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिन याच वाटेवरचं विकर बंद पाडते हे उलगडलं होतं. या कामासाठी सॅम्युएलसन, व्हेन आणि सुने बर्गस्ट्रॉम यांना १९८२ चं नोबेल मिळालं. हृदयविकारानंतर रोज घेतल्या जाणाऱ्या त्या 'रक्त पातळ करायच्या' छोट्या गोळीचं रहस्यही इथेच आहे. प्लेटलेटला केंद्रक नाही, नवं विकर घडवता येत नाही, म्हणून ७५ मिलिग्रॅमची गोळी तिला उरलेल्या आयुष्यभरासाठी थोपवते.

वीस मिनिटं, काचेची नळी

घोणस चावते तेव्हा हेच सगळं ज्ञान जीव वाचवण्याच्या कामी येतं. विष अंगभर गोठण्याची साखळी सुरू करून देतं. गोठवणारे घटक आणि फायब्रिनचा कच्चा माल असलेलं फायब्रिनोजेन खर्ची पडतात, आणि थोड्याच वेळात रक्ताकडे गोठायला काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे ओळखायची तपासणी अतिशय साधी आहे. दोन मिलिलिटर ताजं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे, सर्पविषरोधक लस लगेच द्यायची. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकवर ते घडत नाही. महागडं यंत्र नको, वीज नको. लहानातल्या लहान आरोग्य केंद्रात ती करता येते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, आणि ती दवाखान्यातच मिळते.

म्हणून एक कळकळीची विनंती. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला सरळ दवाखान्यात न्या आणि तिथे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांची तपासणी करायला सांगा. नागाच्या आणि घोणशीच्या विषाने जगाला रक्ताची भाषा वाचायला शिकवलं. त्या शिक्षणावर पहिला हक्क याच सापांच्या सोबतीने शेत कसणाऱ्यांचा आहे.